अब्बांची अँबेसडर आणि चौथा बोल्ट

अब्बांना अर्धांगाचा झटका आला त्याला दीड वर्ष झालं. उजवा हात अजून ताब्यात नाही, बोलणं जड झालंय. तेवढेच दिवस त्यांची अँबेसडर अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी होती. या गाडीवर त्यांनी तेवीस वर्षं मिरज स्टेशनवरून भाडी मारली. कर्नाटकातून दवाखान्यांसाठी येणारे पेशंट, त्यांच्या वळकट्या, डबे, रडणारी पोरं. माझं कॉलेजही याच गाडीवर झालं. पण तिच्या बॉनेटला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. "हात काळे करायला मी आहे, तू पुस्तकं धर," एवढंच म्हणायचे.

आता फिजिओथेरपीचा खर्च वाढला आणि एक गिऱ्हाईक चालून आलं. जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस. गाडी चालू असेल तर पंचेचाळीस हजार, बंद असेल तर भंगाराचा भाव. रविवारी येतो म्हणाला. बॅटरी नवी घातली, स्टार्टर मारला, तर पट्टा जागच्या जागी घासून धूर काढायला लागला. वॉटर पंप जाम होता.

मिस्त्री बोलवायला हवा होता, कबूल. पण अब्बांनी व्हीलचेअर गाडीपुढे लावायला सांगितली आणि डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

हे इंजिन मुळात इंग्लंडच्या बीएमसीचं, १४८९ सीसीचं. उत्तरपाड्याच्या कारखान्यात गाडी २०१४पर्यंत बनत राहिली, पण माझ्यापुढच्या या जुन्या पेट्रोल इंजिनाचं सगळं माप इंचात. मी शेजारून तेरा नंबरचा पाना आणला होता. तो बोल्टच्या मुंडीवर बसला, पण जरा सैल. अब्बा जोरजोरात मान हलवायला लागले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेराचा पाना तीन दशांश मिलिमीटरने मोठा, आणि घट्ट बोल्टवर जोर लावला की तेवढ्यातच कोपरे गोल होतात. त्यांच्या पेटीतून अर्ध्या इंचाची गोटी काढली.

आधी रेडिएटर उतरवला. त्यातून चहासारखं पाणी आलं. मग पट्टा, फॅन, पुली, डायनॅमो. एवढं झाल्यावर पंप समोर दिसतो. चार बोल्टांवर ब्लॉकला धरलेला. पंपाची बॉडी बदललेली, अ‍ॅल्युमिनियमची. बोल्ट लोखंडी, ब्लॉक बिडाचा, आणि वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम कुजतं आणि त्याची पांढरी भुकटी बोल्टाभोवती सिमेंटसारखी बसते.

अब्बांनी हवेत बोटाने उजवीकडे वळवून दाखवलं. मला वाटलं चुकतायत, बोल्ट तर डावीकडे सुटतो. पण त्यांना आधी किंचित आवळायचा होता. आवळला की भुकटी तुटते, मग सोडायचा. थोडा सोडला की परत आवळायचा, घासलेट टाकायचं, परत सोडायचा. तीन बोल्ट असे निघाले. प्रत्येकाला अर्धा तास. अम्मी दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा थंड झाला.

चौथ्या बोल्टला मी कंटाळलो. अब्बा "आहिस्ता, आहिस्ता" म्हणत होते, तेवढे शब्द त्यांचे स्वच्छ येतात. मी पान्याला लोखंडी पाइप लावला आणि ओढला. आवाज झाला नाही, फक्त हाताला एकदम हलकं लागलं. मुंडी गोटीत आली, बाकीचा बोल्ट आत. अब्बांनी डोळे मिटले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पंप आता त्या तुकड्यावर अडकून बसला. पॅकिंग शेलॅक लावून बसवलेलं, तेही दगड झालेलं. मी स्क्रू ड्रायव्हर फटीत घालायला गेलो तर व्हीलचेअर माझ्या पिंडरीवर येऊन आदळली. ब्लॉकच्या त्या पृष्ठभागावर ओरखडा पडला तर नवं पॅकिंगही गळणार. त्याऐवजी लाकडी मोगरीने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून हलकं ठोकायचं. शेजारच्या प्लंबरची गॅसबत्ती आणून पंपाची बॉडी तापवली. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे बोल्टाभोवती जागा होते. पेट्रोलची नळी आधीच काढून बाजूला केली होती, पायाशी वाळूची बादली. तरी माझे हात कापत होते.

अब्बा म्हणाले, "मो... मो..." मी त्यांना मोबाइल दिला. त्यांनी तो मांडीवर टाकून दिला. "मो..." मी पाणी आणलं, तेही नको. शेवटी अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे मोम! मोमबत्ती मांग रहे!" तापलेल्या बोल्टाला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांपर्यंत ओढलं जातं. चाळीस वर्षांचा संसार, तिला अर्ध्या अक्षरावरून कळलं.

अकराव्या की बाराव्या ठोक्याला पंप सुटून माझ्या हातात आला. ब्लॉकमधून बोल्टाचं इंचभर टोक बाहेर उरलं होतं. पुन्हा ताप, पुन्हा मेण, आणि व्हाइस ग्रिपने धरून पाव-पाव आटा मागे-पुढे. तेही निघालं, आटे शाबूत.

मग अब्बांनी पंप मागितला. मांडीवर उलटा धरला आणि खालच्या बारीक भोकावर अंगठा ठेवला. तिथे एम-सीलचा गोळा होता. सील झिजलं की पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये, बाहेर पडावं म्हणून ते भोक ठेवलेलं असतं. गळायला लागलं की पंप बदलायचा, एवढाच त्याचा निरोप. ते दवाखान्यात होते तेव्हा गळणारी जागा बघून मीच ते बुजवलं होतं. पाणी बेअरिंगमध्ये शिरलं आणि गाडी उभी राहिल्यावर शाफ्ट गंजून बसला.

"मी केलं ते," मी म्हणालो.

त्यांनी पंप फिरवून पाहिला. मग माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूनेच येतं.

कोल्हापूरहून आणलेला पंप शनिवारी बसवला, हिरवं कूलंट भरलं. इंजिन लागलं. अब्बांनी वरच्या होसला उजवा हात लावायला सांगितला. मी त्यांचा हात उचलून ठेवला. थर्मोस्टॅट उघडला की होस एकदम गरम होतो, ते आजवर हातानेच ओळखत आले.

"गरम?" त्यांनी मला विचारलं.

मी माझा हात लावला. "हौ अब्बा, गरम."

रविवारी गिऱ्हाईकाने पैसे मोजून दिले. अब्बा त्याला काहीतरी सांगत राहिले, त्याला कळेना. "चाचा काय म्हणतायत?" त्याने मला विचारलं.

"बोअरचं पाणी घालू नका म्हणतायत," मी सांगितलं.

अब्बांनी मान हलवली. अजून काही सांगायचं होतं त्यांना. तो माणूस इंजिन बंद करून परत त्यांच्यासमोर उकिडवा बसला.