सैल आरसे

अब्बांची जुनी ओम्नी (ही गाडी २०१९ साली निघायची बंद झाली) जळगावहून धुळ्याला निघाली की एरंडोल येईस्तोवर दोन्ही आरसे मान टाकत. अब्बांची स्वतःचीही मान वळत नसे. ते विचारत, "मागं कोण आहे रे?" आम्ही भावंडं आळीपाळीनं सांगायचो. एकदा पारोळ्याजवळ आम्ही गप्पांत रंगलो आणि ट्रक अगदी घासून गेला. अम्मीनं कलमा पढला. अब्बा काहीच बोलले नाहीत.

धुळ्यात खालाच्या अंगणातच आम्ही आरसे उतरवले. दांडीचा गोळा खोबणीत झिजला होता. चिकटपट्टी आधी लावून पाहिली होती. खानदेशच्या उन्हात ती काय टिकणार! सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गोळ्याभोवती घट्ट बसवली, स्क्रू आवळले.

परतताना अब्बांनी काही विचारलं नाही. आम्हीच मागं वळून पाहत राहिलो.