रजा बाईच्याच नावावर का?

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अर्धांगवायू झाला तेव्हा अमडापुरात सगळीकडे सोयाबीनची सोंगणी चालू होती. मी आणि माझे यजमान, दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. शाळा वेगवेगळ्या, पगार जवळपास सारखा. तरी रोज कूस पालटायची, मालिश करायची, भरवायचं असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा पाहुण्यारावळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

सकाळी त्यांचं अंग पुसून, पातळ खिचडी भरवून मी चिखली-खामगाव रस्त्यावर गाडीची वाट पाहत उभी राहायची. दुपारी शेजारच्या काकू डोकावायच्या. किरकोळ रजा तर लवकरच संपल्या. पुढे शाळेच्या मुख्याध्यापकपदाच्या प्रभाराचा प्रश्न आला. सेवाज्येष्ठता माझी, पण वरून निरोप आला, "मॅडमना घरचं बघावं लागतं, त्यांच्यावर भार नको." मला कोणी विचारलंसुद्धा नाही. आजारी तर यजमानांचीच आई होती. त्यांच्या शाळेत मात्र हा विचार कोणाच्या मनात आला नाही.

रजेच्या नियमातही हाच विचार दिसतो. राज्य सरकारने 2018 मध्ये 180 दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत आईला ती घेता येते. माझ्या कितीतरी मैत्रिणींची मुलं त्या रजेवर दहावी-बारावीला बसली. पण पुरुषाला ती केव्हा मिळते? बायको वारली असेल किंवा असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे घरात बाई धडधाकट आहे तोवर सांभाळणं तिचंच, हे कागदावरही ठरलेलं. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तशी रजाच नाही. देशाच्या 2024 च्या वेळवापर पाहणीत घरकामाचे आकडे आहेत : घरकाम करणारी बाई दिवसाला 289 मिनिटं, करणारा पुरुष 88. माझ्या घरात ते वेगळे नव्हते.

मी नोकरी सोडायचं बोलले, तेव्हा आत्याबाई अडखळत म्हणाल्या, "नको व पोरी. माह्यासाठी त अजिबात नको." त्यांनी स्वतः जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं होतं, गड्यापेक्षा कमी मजुरीवर. त्या रात्री आम्ही दोघांनी कामं वाटून घेतली. सकाळचं अंग पुसणं आता ह्यांच्याकडे आहे. आईला असं उचलायला सुरुवातीला ते लाजले, पण शिकले.

माझं मागणं साधं आहे. बालसंगोपन रजा आई-बाप दोघांच्याही नावावर करा, म्हाताऱ्यांसाठीही द्या, आणि प्रभार देताना बाईला आधी विचारा.