तुपाचा रवा

साताऱ्याच्या आमच्या घरी तूप म्हशीचं असायचं. पांढरं, आणि रवा असा ठसठशीत की वरणभातावर घेतलं तर दाणा न् दाणा वेगळा दिसावा. ताक केल्यावर निघालेलं लोणी आजी साठवायची, पुरेसं जमलं की धुऊन पातेल्यात घालायची. आधी ते नुसतं वितळायचं, मग तडतड सुरू व्हायची आणि बराच वेळ चालायची. तडतड मंदावून तळाची बेरी बदामी झाली की विड्याचं पान टाकायचं, गॅस बंद करायचा. बेरी साखर घालून आम्हा मुलांच्या वाट्याला यायची. पातेलं मात्र झाकून तिथेच राहायचं. रात्रभर त्याला कुणी हात लावायचा नाही, हा आजीचा दंडक. थंडीच्या दिवसांत ती ते उचलून न्हाणीघराशेजारच्या भिंतीला, बंबाच्या उबेला ठेवायची.

शाळेत अप्रकट उष्मा शिकलो तेव्हा त्या तडतडीचा अर्थ लागला. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात, एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला 540. तेवढा वेळ तापमानाचा आलेख आडवा चालतो. 1760च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकने हे मोजून दाखवलं. लोण्याचा साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. ते आहे तोवर पातेलं 100 अंशांच्या आसपासच अडून राहतं, कारण दिलेली उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की तापमान झपाट्याने चढतं. बदामी बेरी काळी पडायला मग मिनिटभर पुरतं, आणि म्हणूनच शेवटी आजी कुणाशी बोलत नसे.

जर्सी सिटीत आलो तो जर्नल स्क्वेअरजवळच्या विटांच्या एका जुन्या इमारतीत. तळघरात बॉयलर, घरोघरी ओतीव लोखंडाचे रेडिएटर. बॉयलरमधली वाफ नळातून वर येते, रेडिएटरमधली हवा फुसफुसत बाहेर पडते, आणि थंड लोखंडाला लागून वाफेचं पुन्हा पाणी होतं. ते पाणी त्याच नळाने खाली उतरतं. वाफ करताना दिलेल्या 540 कॅलरी प्रत्येक ग्रॅममागे आमच्या खोलीत मोकळ्या होतात. पातेल्यातून आम्ही ज्या वाफेला वाट करून देतो, तीच इथे घर तापवते. न्यू जर्सीच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर ते 1 मे या काळात घरमालकाला दिवसा घर निदान 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे 20 सेल्सिअस ठेवावं लागतं. माणसाला ते बरं. तुपाला कमी.

न्यूअर्क अॅव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत तुपाच्या बरण्यांची रांग असते, तरी मी घरीच कढवतो. बिनमिठाचं लोणी आणायचं, एका पाउंडात चार कांड्या. कढवण्यात फरक काहीच नव्हता. फरक पडत होता तो नंतर. जानेवारीत ओट्यावर ठेवलेलं तूप लवकर थिजायचं, पण सपाट, मेणचट. रवा नाही.

बर्फ शून्य अंशाला वितळतो, एका ठरलेल्या ठिकाणी. तुपाला तसा एक आकडा नाही, कारण तूप हा अनेक स्निग्ध पदार्थांचा मेळ आहे. काही फ्रिजमध्येही पातळ राहतात, तर काही अंगाच्या उबेला जेमतेम वितळतात. सावकाश थंड होताना हे दुसरे आधी घट्ट होतात, त्यांचे मोजकेच कण धरतात आणि त्या कणांना वाढायला वेळ मिळतो. झटकन थंड केलं की असंख्य बारीक कण एकदम धरतात, कुणीच मोठा होत नाही. सुमारे 28-29 अंशांची ऊब तासन् तास मिळाली तर रवा उत्तम पडतो. तूप चांगलं की वाईट हे आपण आचेवर ठरवतो, पण माझ्या मते त्याची खरी परीक्षा गॅस बंद केल्यावर सुरू होते. आजीने कधी थर्मामीटर पाहिला नाही, तरी बंबाची भिंत तिला माहीत होती.

आई एका हिवाळ्यात आली आणि तिने घर बघण्याआधी रेडिएटर बघितला. स्टूल ओढून त्याच्यापासून हातभर लांब ठेवलं, वर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. “चटका नको, नुसती ऊब लागू दे,” म्हणाली. सकाळी रवा पडला होता. म्हशीच्या तुपाएवढा मोठा नाही. गाईचा तेवढाच पडतो, आणि गाईच्या दुधातल्या कॅरोटीनमुळे रंगही पिवळा. पण जिभेवर कळेल असा दाणा होता. आईने चमचाभर तूप तळहातावर घेऊन बोटाने पसरून पाहिलं आणि मान हलवली.

जुलैत बॉयलर बंद, दमट उकाडा. बरणीत वर सोनेरी पातळ तूप तरंगतं, तळाशी रव्याचा थर. लेकीने विचारलं, “बाबा, हे वितळलंय की थिजलंय?” मी म्हटलं, दोन्ही, जे वितळायचं होतं तेवढं वितळलं. तिचं समाधान झालं नाही. तिने स्वयंपाकघरातला थर्मामीटर बरणीत बुडवला: 27. हल्ली ती वहीत आकडे मांडते, कोणत्या अंशाला तळाशी किती बोटं रवा उरतो त्याचे, आणि रकान्यांच्या वर तिने महिना लिहायला सुरुवात केली आहे.