आईने रुजवलेला पाइन

कॅनबेरामधल्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या आवारात एक पाइन आहे. वीस मीटरहून उंच. सरकारी समारंभात त्याचा मान मोठा, पण माझ्या लेखी तो आधी घरचा आहे. एका आईच्या हातचा.

त्याचं मूळ तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीचं. पहिल्या महायुद्धात तिथल्या एका टेकाडावरचे पाइन तोडून तुर्की सैनिकांनी आपले खंदक ओंडक्यांनी झाकून घेतले होते. एकच झाड मागे राहिलं, म्हणून ऑस्ट्रेलियन पोरांनी त्या जागेला नाव दिलं ‘लोन पाइन’. ६ ऑगस्ट १९१५च्या संध्याकाळी ती पोरं धावत खंदकांपाशी पोचली, तर समोर लाकडी छपरं! काहींनी हातांनी ओंडके उपसले, काही पुढच्या उघड्या खंदकांत उतरून आत घुसले. आतल्या काळोखात संगिनींनी आणि हातबाँबनी चार दिवस कापाकापी चालली. बावीसशेहून जास्त ऑस्ट्रेलियन मेले नाहीतर जखमी झाले. तुर्कांची हानी याहून कितीतरी मोठी. ज्या लाकडाखाली तीही पोरं मेली, त्याच लाकडाच्या वंशातला हा पाइन. तो एकट्या ऑस्ट्रेलियाचा आहे, असं मला कधीच वाटलेलं नाही.

मेलेल्यांत मार्क स्मिथ होता. त्याचा भाऊ बेंजामिन तिथेच लढत होता. ओंडक्यांच्या फांद्यांना लगडलेली काही फळं त्याने काढली आणि आईला पाठवून दिली.

पाइनचं फळ म्हणजे लाकडी खवल्यांचा शंकू. प्रत्येक खवल्याच्या पोटात पातळ पंखाचं बी. हा पाइन अलेप्पो जातीचा, आणि त्याची फळं तर फार घट्ट. त्यातली काही झाडावरच वर्षानुवर्षं मिटून राहतात, वणव्याच्या धगीने किंवा कोरड्या उन्हाने उघडतात. आईने बी पेरलं ते १९२८ साली. मुलगा जाऊन तेरा वर्षं झाली होती. या तेरा वर्षांपाशी मी दर वेळी थांबते. रणातून आलेली ती वस्तू मातीत पुरायला कुठल्या आईचा हात सहज धजेल?

दोन रोपं जगली. एक तिने इन्व्हरेल गावाला दिलं, जिथून तिची दोन्ही मुलं सैन्यात भरती झाली होती. ते झाड आता राहिलेलं नाही. दुसरं कॅनबेराला गेलं. ऑक्टोबर १९३४मध्ये ड्यूक ऑफ ग्लूस्टरच्या हस्ते ते लावलं गेलं, तेव्हा मेमोरियलची इमारतही पुरी झाली नव्हती. २००८च्या डिसेंबरात वादळाने त्याच्या फांद्या मोडल्या, तरी ते टिकलं.

१९९० साली लढाईला पंच्याहत्तर वर्षं झाली, तेव्हा त्याच्या बियांपासून वाढवलेली दोन झाडं अँझॅकच्या, म्हणजे त्या युद्धातल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सेनेच्या, जुन्या सैनिकांनी गॅलिपोलीला नेली. तिथे लढले तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. आता त्यांनी नव्वदी ओलांडली होती.