कंपू, कारकून आणि दोन सर्व्हर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाची वस्ती आहे. आपण मराठीत ‘त्यांचा एक कंपू आहे’ असे जरा नाक मुरडूनच म्हणतो. पण शब्द मूळचा छावणीचा, बहुधा पोर्तुगीज ‘कांपु’वरून आलेला. आपले पणजीचे कांपालही त्याच कुळातले. महादजी शिंद्यांच्या पदरी डी बॉयन या फिरंग्याने १७८४ नंतर कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना कंपू म्हणत. पुढे १८१० च्या सुमारास दौलतरावांनी किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या तळाचेच लष्कर शहर झाले.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी तिथे गेलो, तेव्हा कंपूतून फिरताना मला माझा धंदाच आठवत होता. धंदा सॉफ्टवेअरचा. ग्राहकाच्या मागण्या, म्हणजे रिक्वायरमेंट्स, त्याच्या सर्व्हरवर आणि त्यांवरून बेतलेल्या आमच्या मागण्या आमच्या सर्व्हरवर. आमची अमुक ओळ त्यांच्या कुठल्या ओळीवरून आली, आणि ती बदलली तर आमच्याकडे काय बदलायचे, हा माग ठेवणे हे काम. सोपा उपाय म्हणजे त्यांची यादी उतरवून घेणे. एका कामात तसेच झाले. मूळ मागणी बदलली, आमच्याकडची प्रत जुनीच राहिली, आणि कळले ते थेट चाचणीच्या वेळी!

म्हणून आता उतरवायचे नाही, दुवा द्यायचा. ओएसएलसी नावाचा संकेत २००८ पासून आहे. त्यात प्रत्येक मागणीला कायमचा पत्ता असतो आणि दुसऱ्या सर्व्हरने तो पत्ता तेवढा जपायचा. छान आहे. पण दुवा ताज्या मजकुराचा की मंजूर झालेल्या आवृत्तीचा, हे कुणी स्पष्ट लिहीत नाही. शिवाय समोरच्या सर्व्हरवर तुम्हाला प्रवेश नसला की दुवा उघडतच नाही.

शिंद्यांचेही असेच होते. १७८७ च्या लालसोटनंतर महादजींनी पुण्याकडे मदत मागितली, पुण्याने अली बहादर आणि तुकोजी होळकरांना पाठवले. मागणी एका दप्तरात, उत्तर दुसऱ्यात. सरदेसायांनी पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादले आणि १९३७ साली महादजींची कागदपत्रेही ग्वाल्हेरहून काढली, म्हणून आज दोन्ही बाजू ताडून पाहता येतात. (आपल्याकडे पिसुर्लेकरांनी पणजीच्या पोर्तुगीज दप्तरावर हेच केले.) पण खरी सोय कारकुनांनी आधीच करून ठेवली होती. आपले अमुक तारखेचे पत्र अमुक रोजी पावले, त्यात अमुक लिहिले होते, असे सांगून मगच ते उत्तराला हात घालत. तारीख म्हणजे आवृत्ती. आणि समोरचे दप्तर कुलपात असले तरी प्रश्न काय होता ते हातातल्या पत्रातच कळते.

परत आल्यावर आमच्या तुकडीत मी हाच नेम घातला : दुव्याशेजारी आवृत्ती, तारीख आणि मूळ मागणीचा एका ओळीत मतलब. पोरे याला कारकुनी म्हणतात. म्हणोत बापडी! परवा ग्राहकाचा सर्व्हर दिवसभर बंद होता, तेव्हा तीच पोरे त्या ओळी वाचून काम करत होती.