काठीची फट

अण्णांचं बाक बागेत होतं असं म्हणायचं. बाग म्हणजे एक पारिजातक, अबोलीच्या दोन कुंड्या आणि गळका नळ. बाकाचे बिडाचे पाय अण्णांनी १९८६ साली पुण्याच्या जुन्या बाजारातून रिक्षात घालून आणले. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी आई सोडणार नाही, म्हणून बुधवारी अर्धी रजा टाकून गेले होते. पट्ट्या मात्र मिळतील तशा जमवलेल्या; एक तर मोडक्या पलंगाची.

गेल्या पावसाळ्यात म्हणाले, "मधल्या दोन पट्ट्या बदलून घे गं." मी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. हलकी, धुवायला सोपी. ते मुकाट्यानं तिच्यावर बसले. कुरकुरले असते तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर सहा महिन्यांनी मी मिस्त्रींना बोलावलं. पट्ट्या वरून धड दिसत होत्या. मिस्त्रींनी बोल्टाशेजारी पेचकस टोचला, तर तो भिजल्या पावात शिरावा तसा आत गेला. भोकाभोवती लाकूड काळं पडलेलं. "पावसानं नाही कुजत ताई. पाणी अडून राहिलं की कुजतं." बोल्टांवर रात्रभर डिझेल सोडलं होतं, तरी निम्मे कापूनच काढावे लागले.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये घानाचा साग होता, बल्लारशाचाही होता. मिस्त्री बल्लारशावर अडून बसले. पांढऱ्या कडेची एकही पट्टी त्यांनी घेऊ दिली नाही. वाळवी आधी ती कड खाते, गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. घरी आल्यावर कडांवर रंधा फिरला, मग अळशीचं तेल. कापलेली टोकं जास्त पाणी पितात, म्हणून तिथं तीनदा.

फटी सारख्या याव्यात म्हणून मिस्त्रींनी ३ सुतांचे ठोकळे केले. दोन पट्ट्या बसल्या आणि मला आठवलं. तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीच्या फटीत अण्णा काठी उभी करायचे, पेपर वाचायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. त्यांचा फोन आला की आई खिडकीतून नुसती काठी बघायची आणि सांगायची, "आहेत, बोलावते."

दारामागची काठी आणली. ७ सूत भरली.

"एकच फट मोठी? वाकडं दिसेल ताई. लोक मला नावं ठेवतील."

मी काही बोलले नाही. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, काठीच्या दोन्ही अंगांना खुणा केल्या आणि चौथी पट्टी सरकवून आवळली.

काठी आत घातली. ताठ उभी राहिली. अण्णांची काठी कायम पारिजातकाकडे कललेली असायची.

"घट्ट झाली का?" मिस्त्रींनी विचारलं. "रंध्याचा एक हात मारू?"