सोळा किलोमीटरच्या आत

झोनमध्ये बंदूक नंतर मिळते, बोल्ट आधीपासून खिशात असतो. समोरची हवा जराशी थरथरताना दिसली की पाय थांबवायचे, बोल्ट काढायचा आणि पुढे फेकायचा. तो सरळ जाऊन मातीत पडला तर वाट मोकळी. मधेच कुणीतरी खेचल्यासारखा गेला, किंवा त्याच्याभोवती आगीचा लोळ उठला, तर तिथे सापळा आहे, साध्या डोळ्यांना न दिसणारा. या गेममध्ये गोळ्या संपतात, पाव संपतो, जखमेवर बांधायच्या पट्ट्या संपतात. बोल्ट तेवढे कधीच संपत नाहीत.

'स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल' हा गेम कीवच्या जीएससी गेम वर्ल्डने मार्च २००७ मध्ये बाजारात आणला. त्याची घोषणा २००१ मध्येच झाली होती. मधली वर्षं लांबणीवर पडण्यात गेली आणि हा गेम आता येत नाही असं बहुतेकांनी धरलं होतं. मूळ कल्पना स्ट्रुगात्स्की बंधूंच्या १९७२ च्या कादंबरीतून आणि तार्कोव्स्कीच्या १९७९ च्या चित्रपटातून उचललेली, पण भूमी मात्र खरी. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातली चौथी अणुभट्टी फुटली आणि भोवतालचा तीस किलोमीटरचा मुलूख माणसांनी सोडला. गेम म्हणतो, २००६ मध्ये तिथे दुसरा स्फोट झाला. त्यानंतर त्या रिकाम्या मुलखात निसर्गाचे नियम मोडणारे सापळे आणि त्या सापळ्यांतून निपजणाऱ्या अजब वस्तू सापडू लागल्या. त्या वेचायला जिवावर उदार होऊन शिरतात ते स्टॉकर.

यंदाच्या सेलमध्ये हा गेम मला एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी पैशांत मिळाला. पहिल्यांदा खेळलो तेव्हा गेम हातोहात यायचे, सीडीवर स्केचपेनने नाव लिहिलेले, बोईसर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून घरी आणि घरून शेजाऱ्याकडे. आता कीवच्या त्या माणसांपर्यंत माझे पैसे पोचले, थोडे का होईना, याचं मला फार बरं वाटतं.

सरावलीत हा गेम खेळणं ही निराळी गोष्ट आहे. आमच्या गावाला लागून तारापूर एमआयडीसी, आणि तिच्या पलीकडे समुद्राच्या कडेला अणुवीज केंद्र. देशातलं पहिलं, २८ ऑक्टोबर १९६९ पासून ते व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागलं. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. अशा केंद्राभोवती सोळा किलोमीटरचं एक वर्तुळ कागदावर आखलेलं असतं. उद्या काही झालं तर लोकांना निरोप कसा द्यायचा, दारं-खिडक्या केव्हा लावायला सांगायच्या, कुठे हलवायचं, याच्या नियोजनाचं ते वर्तुळ. चिंचणी, तारापूर, बोईसर, सरावली, सगळे त्याच्या आत. तारापूरच्या भट्ट्या चेर्नोबिलच्या जातीच्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. ती ग्रॅफाइटची भट्टी होती आणि तिला भक्कम कवच नव्हतं. इथल्या पहिल्या दोन अमेरिकन बनावटीच्या, त्यांत पाणी उकळून वाफ होते. पुढच्या दोन आपल्याकडे बांधलेल्या, जड पाण्याच्या. पण पोराच्या मनाला एवढा फरक कुठून कळायला? पडद्यावर चिमणी आणि विजेचे मनोरे दिसले की ते मला आपले वाटायचे. मुंबईच्या मित्राला जी कपोलकल्पित जागा वाटे, तिच्यात मी ओळखीच्या रस्त्यांवरून चालायचो.

त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन होतं. संध्याकाळी दिवे गेले की टेबलाखालचा यूपीएस टिट्-टिट् करू लागे, आणि तेवढ्या काही मिनिटांत गेम सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करायचा. एकदा मी अॅग्रोप्रॉमच्या भुयारात होतो. तिथे ब्लडसकर नावाचा एक प्राणी आहे. तो चालून येताना अदृश्य होतो. दिसतात फक्त दोन चकाकते डोळे, आणि ऐकू येतो घोगरा श्वास. मी भिंतीला पाठ लावून उभा, तो श्वास उजव्या कानातून डाव्या कानात सरकतोय, आणि नेमके दिवे गेले. पडदा यूपीएसवर चालू, खोली काळोखी, टिट्-टिट् सुरू. सेव्ह करायचं तर हात कीबोर्डवर न्यायला हवा, आणि हात माउसवरून सुटेना. मग पडदाही विझला. खिडकीबाहेर बेडूक ओरडत होते, एका कंपनीचा भोंगा झाला, पाळी सुटली, सायकलींच्या घंट्या वाजत गेल्या. त्या सगळ्या ओळखीच्या आवाजांत मी तो श्वास शोधत बसलो होतो.

आता पुन्हा खेळताना कळतं की या गेमने सगळी भीती कानांवर सोपवली आहे. चित्र तर आज जुनंच दिसतं. गवत कागदी, माणसांचे चेहरे ओबडधोबड, चालणं ताठ. आवाज मात्र तसूभर जुना झालेला नाही. गायगर काउंटरची कटकट आधी तुरळक, मग दाट, मग सलग. लांबवर कुत्र्यांचं टोळकं. एक्स-१८ नावाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत एक लोखंडी दार आहे. त्याच्यापलीकडून कुणीतरी धडाधड धक्के देत असतं. जवळ गेलात की थांबतं. बनवणाऱ्यांनी तिथे काहीच दाखवलेलं नाही, आणि मला वाटतं संपूर्ण गेममध्ये त्याहून भीतिदायक जागा नाही. दुसरे भयपटी गेम दर वळणावर काहीतरी अंगावर फेकतात. इथे कित्येकदा नुसतं चालायचं असतं, पाऊस पडत असतो आणि काहीच होत नाही. पण कान टवकारलेले राहतात.

असं कान टवकारून जगणं मी आधी घरातच पाहिलं होतं. बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सचे फिटर होते. पंपाचं बेअरिंग तपासायला ते पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचे. डोळे मिटलेले. "वाळू वाजतेय," म्हणायचे, किंवा "अजून महिना काढेल." रात्री घरी आले की दाराशी उभे राहून आधी वारा हुंगायचे. वारा कुठल्या अंगाने येतोय आणि त्यात कसला दर्प आहे यावरून कुठल्या पट्ट्यातल्या कंपनीने काय सोडलंय ते त्यांना कळायचं. मग आई खिडक्या लावायची. आमच्याकडे हे रोजचं होतं. एमआयडीसीत स्फोट झाला की आधी तावदानं थरथरतात, मग आवाज येतो, मग लोक गच्चीवर जाऊन धूर कुठल्या दिशेला आहे ते बघतात आणि ज्यांचं माणूस पाळीवर आहे ते फोन लावत सुटतात. झोनमधल्या माणसांच्या हालचाली मला पहिल्यापासून समजत गेल्या त्या यामुळे.

बाबा आता निवृत्त आहेत. परवा मी खेळत असताना मागे येऊन खुर्चीवर बसले. मी बोल्ट फेकत एका सापळ्यांच्या पट्ट्यातून वाट काढत होतो.

"केवढे बोल्ट टाकतोस रे? गोळा कोण करणार?"

"संपत नाहीत, बाबा. कितीही आहेत."

"आटे तरी बघितलेस का त्याचे?" त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण बरोबर करतोय तो. टाकीत उतरायच्या आधी आम्हीसुद्धा काहीतरी खाली टाकून बघायचो."

मी त्यांना हेडफोन दिला. एक्स-१८ च्या तळाशी होतो, खालून यंत्राची घरघर येत होती. त्यांनी डोळे मिटून ती ऐकली आणि सांगितलं, बेअरिंग गेलंय, बऱ्याच दिवसांत कुणी ग्रीस दिलेलं नाही.

पोरवयात मला झोन म्हणजे राक्षसांचा मुलूख वाटायचा. या खेपेला माझं लक्ष घरांवर खिळलं. दारं उघडी आहेत, चुलीवर भांडं आहे, पलंगाच्या लोखंडी सांगाड्यावर गादी नाही. गेम बनवणारे खऱ्या झोनमध्ये जाऊन फोटो काढून आले होते, आणि प्रिप्यातच्या इमारती त्यांनी त्या फोटोंवरून उभ्या केल्या. प्रिप्यात हे केंद्रात काम करणाऱ्यांसाठी १९७० मध्ये वसवलेलं शहर, वस्ती सुमारे ४९ हजार. २७ एप्रिल १९८६ च्या दुपारी बसगाड्या लागल्या आणि काही तासांत ते रिकामं झालं. तीन दिवसांपुरतं सामान घ्या, असं लोकांना सांगितलं होतं. तिथला आकाशपाळणा १ मेच्या सणाला सुरू व्हायचा होता. तो अजून तसाच उभा आहे, आणि गेममध्येही.

त्या वर्षीची चैत्र पौर्णिमा २४ एप्रिलला होती. म्हणजे प्रिप्यातच्या बसगाड्या निघाल्या तेव्हा आमच्याकडे डहाणूजवळ महालक्ष्मीची यात्रा भरलेली होती. चैत्र पौर्णिमेपासून पुढे पंधरा दिवस ती चालते. तिथले आकाशपाळणे फिरत असणार, डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं लोटत असणार. या दोन पाळण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण पडद्यावरच्या त्या पिवळ्या पाळण्याखाली उभा राहिलो की मला यात्रेतला जनरेटरचा आवाज आठवतो, आणि त्याच्या जागी इथे वाऱ्याशिवाय काही नाही, हे पचवायला बंदुकीचा काही उपयोग होत नाही.

रिकामी घरं बघायला आम्हाला युक्रेनलाही जावं लागत नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली गेली. तिथे स्फोट झाला नव्हता, किरणोत्सार पसरला नव्हता. केंद्राला जागा हवी होती. शेती आणि समुद्रावर जगणारी ही माणसं दुसरीकडच्या वसाहतींत गेली, आणि पुनर्वसनाची लढाई कोर्टापर्यंत पोचली. चेर्नोबिलची नि या गावांची कथा एक नाही, ती एक करूही नये. तरी गेममधल्या ओसाड खेड्यात शिरताना माझ्या मनात प्रिप्यातच्या आधी पोफरणचं नाव येतं. घर सोडताना दार ओढून घ्यायचं की उघडं ठेवायचं, हा प्रश्न तिथेही कुणाला तरी पडला असेल.

आणि तरीही झोन मला उदास करत नाही. कॉर्डन नावाच्या भागातल्या त्या पहिल्या खेड्यात नवखे स्टॉकर शेकोटीभोवती बसलेले असतात. एक गिटार वाजवतो, दुसरा विनोद सांगतो, भाषा कळत नाही पण हशा कळतो. तिसरा पाव खातो. मधेच कुत्री भुंकली की सगळे उठतात, गोळ्या झाडतात आणि परत येऊन बसतात. खेळणारा जवळपास नसतानाही झोनमधली माणसं आणि जनावरं आपापली फिरत, भांडत राहतील, अशी व्यवस्था बनवणाऱ्यांनी केली आहे. मी कित्येक संध्याकाळी नुसता तिथे बसून राहतो. मोहीम पुढे सरकत नाही, हरकत नाही. खऱ्या झोनमध्येही म्हातारी माणसं, बहुतेक बायका, बंदी असताना आपापल्या घरी परतल्या, बटाटे लावले, कोंबड्या पाळल्या आणि तिथेच राहिल्या. बाहेरच्यांना तो वेडेपणा वाटला. बोईसरला एवढ्या कंपन्या आणि एवढं केंद्र जवळ असताना तुम्ही राहता कसे, असं पाहुणे विचारतात, तेव्हा मला त्या बायकांचं उत्तर येतं, फक्त पाहुण्यांना सांगता येत नाही. हा गेम ते सांगतो, म्हणून मला तो प्रिय आहे.

शेवटाला भट्टीच्या आत एक इच्छा पुरवणारा दगड आहे. गेमला सात शेवट आहेत. ज्याने वाटेत पैसा साठवला त्याला दगडापुढे श्रीमंतीच मागावीशी वाटते. त्याला वरून सोन्याची नाणी बरसताना दिसतात, आणि खरं तर छतातलं लोखंड कोसळून तो चिरडला जातो. खरा शेवट दगडाकडे पाठ फिरवणाऱ्याला सापडतो. मी अजून प्रिप्यातमध्येच आहे.

ज्यांनी हे सारं घडवलं त्यांच्या देशावर २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध आलं, आणि पहिल्याच दिवशी रशियन फौजा खऱ्या झोनमधून आत शिरल्या. महिनाभर चेर्नोबिलचं केंद्र त्यांच्या ताब्यात होतं. कंपनीतले काही जण प्रागला गेले, काही कीवमध्ये राहिले, काही सैन्यात भरती झाले. या मालिकेच्या 'क्लिअर स्काय' भागावर काम केलेला व्होलोदिमिर येझोव्ह डिसेंबर २०२२ मध्ये बाखमुतजवळ लढताना मारला गेला. या सगळ्यातूनही मालिकेचा पुढचा मोठा गेम त्यांनी २० नोव्हेंबर २०२४ ला पुरा करून दिला. तो मी सेलची वाट न पाहता पूर्ण किमतीला घेणार आहे. त्याला ग्राफिक्स कार्ड नवं लागेल आणि रॅमही वाढवावी लागेल; बोईसरच्या दुकानदाराकडे दोन्हींचे भाव विचारून ठेवलेत, आणि बाबांनी त्यांच्यासाठी वेगळा हेडफोन सांगितलाय.